सही कुणाची, निर्णय कुणाचा

२०२३ साली आईचं पित्ताशय काढावं लागलं. खडे होते, दुखणं वाढलं होतं. दुर्बिणीतून झालेली साधी शस्त्रक्रिया. तिसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला सर्जन म्हणाले, ‘‘आजी, आता घरी जा आणि दोन दिवस मऊ वरणभात खा.’’ आम्ही साडेदहाला पिशव्या भरून बसलो आणि संध्याकाळी साडेसातला बाहेर पडलो. मधले नऊ तास बिल विमा कंपनीकडे मंजुरीला गेलेलं होतं. दोनदा ‘क्वेरी’ आली. पहिलीत विचारलं होतं की, खडे असल्याचं प्रथम केव्हा कळलं. दुसरीत विचारलं होतं की, रुग्णाला दुसऱ्या रात्री ठेवण्याची गरज काय होती. सर्जन भरलेली ओपीडी सोडून खाली आले आणि बिलिंग काउंटरच्या कडेला उभे राहून त्यांनी हाताने लिहून दिलं: वय ७२, मधुमेह, रात्री साखर वाढली म्हणून ठेवलं. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं. तो डॉक्टर आहे की नाही, हे समजायलाही मार्ग नव्हता. सर्जनच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. तिथे नुसती सवय होती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दाखल करताना मी स्वतः सात ठिकाणी सह्या केल्या होत्या. त्यातला एकही कागद मी वाचला नव्हता. ‘वाचा, मग करा’ असं कुणी म्हटलंही नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत या विषयावर जे वाचलं, ज्या डॉक्टरांशी आणि रुग्णांशी बोललो, त्या सगळ्याच्या मुळाशी मला हाच प्रसंग दिसत राहिला. उपचाराच्या कागदांवर दोनच पक्षांच्या सह्या असतात. संमतीपत्रावर रुग्णाची आणि केसपेपरवर डॉक्टरची. पण काय करायचं, कुठे करायचं, किती दिवसांत करायचं आणि काय करायचं नाही, हे बऱ्याचदा तिसराच कुणीतरी ठरवतो आणि त्याची सही कुठेही नसते. रुग्णाचे हक्क आणि डॉक्टरचं स्वातंत्र्य यांचं भांडण असल्यासारखी चर्चा आपल्याकडे होते. मला वाटतं, या दोन गोष्टी एकत्रच गेल्या आणि एकाच दाराने गेल्या.

पूर्वी सगळं चांगलं होतं, असं मात्र म्हणता येणार नाही. माझ्या लहानपणी फॅमिली डॉक्टर हा घरातल्या मोठ्या माणसासारखा होता, पण तो विचारत नसे, सांगत असे. लाल मिश्रण कसलं, इंजेक्शन कशाचं, हे विचारणं उद्धटपणाचं मानलं जाई. कॅन्सर झालेल्या माणसाला सोडून बाकी सगळ्या घराला त्याचा आजार माहीत असे. त्या काळात डॉक्टरला मोकळीक होती. रुग्णाला निवड होती, असं म्हणणं खोटं ठरेल. रुग्णाला होता तो विश्वास, आणि तोही बहुतेक वेळा सार्थ ठरला, एवढंच.

कायद्याने रुग्णाला हळूहळू माणूस मानायला सुरुवात केली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. वैद्यकीय सेवा त्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवलं. त्याहून महत्त्वाचा निकाल मला १६ जानेवारी २००८ चा वाटतो, समीरा कोहली खटल्यातला. निदानासाठी दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून एका ४४ वर्षांच्या स्त्रीला भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. न्यायालय म्हणालं की, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल तर शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. सज्ञान स्त्रीच्या शरीराबद्दल तिच्या आईनेही सही करायची नाही, हे या देशात इतक्या स्पष्टपणे सांगायला २००८ साल उजाडावं लागलं.

त्याच निकालात एक अडखळही आहे, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. रुग्णाला किती माहिती द्यायची याचा मापदंड न्यायालयाने रुग्णाच्या गरजेवर ठेवला नाही. त्या क्षेत्रातले डॉक्टर सर्वसाधारणपणे जेवढं सांगतात तेवढं पुरेसं, असं मानलं. ब्रिटनमध्ये २०१५ च्या माँटगोमेरी निकालाने हा मापदंड बदलला आणि रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल ते सांगा, असं म्हटलं. आपल्याकडे अजून जुनाच मापदंड पायाशी आहे. म्हणूनच संमतीपत्र हा बहुतेक रुग्णालयांत वकिलासाठी केलेला कागद असतो. तो इंग्रजीत असतो आणि त्यावर रुग्णाने मराठीत सही केलेली असते.

आता तिसऱ्या पक्षाकडे येऊ.

मेडिक्लेम ही पॉलिसी १९८६ मध्ये आली. तेव्हा ती परताव्याची होती. आधी आपण पैसे भरायचे, मग बिलं जोडून पाठवायची. १९९९ च्या कायद्याने विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, २००१ मध्ये दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थांचे, म्हणजे टीपीएचे नियम आले आणि त्यांच्या मागोमाग ‘कॅशलेस’ हा शब्द घराघरात पोचला. सोय मोठी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. मध्यरात्री दागिने गहाण टाकायची वेळ लाखो कुटुंबांवर आली नाही ती त्यामुळे. पण याच सोयीबरोबर परवानगीचा एक दरवाजा उभा राहिला. जुलै २०१० मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबईसह काही महानगरांत अनेक मोठ्या रुग्णालयांची कॅशलेस सोय एकदम बंद केली आणि ठरलेल्या दरांना तयार असलेल्या रुग्णालयांची यादी पुढे केली. आपला डॉक्टर त्या यादीत नसेल तर त्याला सोडायचं, नाहीतर खिशातून भरायचे. वर्षानुवर्षांचं नातं एका परिपत्रकाने तुटतं, हे तेव्हा पहिल्यांदा अनेकांच्या लक्षात आलं.

खोलीच्या भाड्याची मर्यादा हे या व्यवस्थेतलं सर्वात न कळणारं कलम. अनेक पॉलिसींत दिवसाचं खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का एवढंच मान्य असतं. तीन लाखांच्या पॉलिसीत तीन हजार. रुग्णाने चार हजारांची खोली घेतली, तर वरचे हजार आपण भरू, असं तो समजतो. प्रत्यक्षात सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. कारण बहुतेक रुग्णालयांत त्याच शस्त्रक्रियेची फी जनरल वॉर्डात एक, ट्विन शेअरिंगमध्ये दुसरी आणि डिलक्समध्ये तिसरी असते. टाके तेवढेच, हात तोच. खोली निवडताना रुग्ण नकळत बाकी सगळंच निवडून बसतो.

निवड कुठे ठेवली आहे आणि कुठे काढून घेतली आहे, हे बारकाईने पाहिलं की जीव हळहळतो. छातीत दुखत असलेल्या माणसाला कॅथलॅबमध्ये घेतलेलं असतं. बाहेर मुलाला विचारतात, ‘‘इंडियन स्टेंट टाकायचा की इम्पोर्टेड?’’ त्या मुलाला या दोहोंतला फरक कळणं शक्यच नसतं. हा प्रश्न डॉक्टरने आपल्या ज्ञानावर सोडवायचा असतो, आणि नेमका तोच ग्राहकाच्या पसंतीचा केला जातो. उलट स्टेंट टाकायचाच का, औषधांवर चालेल का, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ का, हे त्याने खरोखर विचारण्याजोगे प्रश्न आहेत आणि त्यांना जागाच ठेवलेली नसते. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी औषधलेपित स्टेंटसाठी लाख-सव्वा लाख मोजलेली माणसं माझ्याच ओळखीत आहेत. मधला पैसा कुणाकुणाच्या वाट्याला गेला, हे त्यांना कधी कळणार नाही.

सरकारी योजनेबद्दल बोलताना मला सावध राहावंसं वाटतं, कारण टीका करणाऱ्याच्या खिशात बहुधा विम्याचं कार्ड असतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली, मग दोन्ही जोडल्या गेल्या. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण जाहीर झालं. तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते. ज्या माणसाला बायपास हा शब्द ऐकून घरी परत जाऊन पडून राहण्याखेरीज काही करता येत नव्हतं, त्याच्यासाठी या योजनेने निवड पहिल्यांदाच निर्माण केली. नांदेड किंवा धुळ्याच्या रुग्णालयात हिरव्या पडद्याआड बसलेला माणूस आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवतो तेव्हा तो भीक मागत नसतो. ही गोष्ट लहान नाही.

पण योजनेच्या आत डॉक्टरला जे करावं लागतं तेही सांगायला हवं. उपचार यादीतला हवा आणि त्याचा सांकेतिक क्रमांक हवा. आधी अहवाल, फोटो अपलोड करायचे, मंजुरी आली की चाकू हातात घ्यायचा. ठरलेल्या रकमेत खाट, जेवण, औषधं, तपासण्या, इम्प्लांट, शस्त्रक्रिया आणि घरी गेल्यावर दहा दिवसांची देखभाल, सगळं बसवायचं. पोट उघडल्यावर काही वेगळंच सापडलं तर शरीर त्या क्रमांकात बसत नाही. मराठवाड्यातले एक शल्यचिकित्सक मला म्हणाले, ‘‘पेशंट आला की मी आधी पोट तपासतो आणि लगेच मनात यादी तपासतो. दुसरी तपासणी कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.’’ ते अजूनही योजनेत आहेत. दर परवडत नाहीत, पैसे उशिरा मिळतात, तरी आहेत. त्यांच्या गावात योजना सोडली तर अर्धी ओपीडी शहरात जाईल आणि उरलेली अर्धी कुठेच जाणार नाही, हे त्यांना माहीत आहे.

दर ठरवणं हेच वाईट, असं काही डॉक्टर संघटना म्हणतात. ते मला पटत नाही. मे २०२० मध्ये करोनाच्या तडाख्यात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या आणि वॉर्डसाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० असे दर बांधले. पळवाटा निघाल्या, तक्रारी झाल्या, पण तो आदेश नसता तर काय झालं असतं याची कल्पना त्या महिन्यांत बिलं पाहिलेल्या कुणालाही करता येईल. तसंच सोनोग्राफीचं. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. त्याने डॉक्टरचं स्वातंत्र्य कापलं, आणि ते कापायलाच हवं होतं. मोकळीक रुग्णाच्या हितासाठी दिलेली असते. त्या हितापासून ती सुटली की तिला राखण्यात अर्थ नाही.

ती कशी सुटते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. विंचूदंशावरच्या त्यांच्या संशोधनाने कोकणात असंख्य जीव वाचले. त्या माणसाला एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला, पाठवलेल्या रुग्णाबद्दल. त्यांनी तो मुकाट्याने ठेवून घेतला नाही, थेट महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. ‘कट’ सगळ्यांना माहीत होता, पण त्याचा कागद कुणी पुढे केला नव्हता. २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली. मसुदा झाला, चर्चा झाली, कायदा काही झाला नाही. कट घेणारा डॉक्टर रुग्णाची निवड विकतो आणि सोबत स्वतःची मोकळीकही विकतो. पुढच्या रुग्णाला कुठे पाठवायचं, हे मग त्याने ठरवायचं राहत नाही.

पुण्याच्या साथी संस्थेसाठी डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या आणि डॉ. अभय शुक्ला यांच्यासह त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातली सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट कटाची नाही, ‘कन्व्हर्जन’ची आहे. ओपीडीत पाहिलेल्यांपैकी किती जणांना शस्त्रक्रियेपर्यंत नेलं याचा हिशेब मोठ्या रुग्णालयांत महिन्याच्या बैठकीत मांडला जातो. ज्याचा आकडा कमी, त्याला समज मिळते. शस्त्रक्रियेची गरज नाही हे ओळखणं ही वैद्यकातली फार वरची विद्या आहे. त्या बैठकीत ती तोट्याच्या रकान्यात जाते. तिथल्या तरुण डॉक्टरला उठून जाता येतं का? अभिमत विद्यापीठात पदव्युत्तर जागेचं तीन वर्षांचं शुल्क कोटीच्या वर जाऊ शकतं. ज्याच्या डोक्यावर तेवढं कर्ज आहे त्याच्या नकाराची किंमत हप्त्यांत मोजली जाते. स्वतःचं रुग्णालय काढावं तर जागा, अग्निशमनाचे दाखले, यंत्रं, आणि वर मारहाणीची भीती. डॉक्टरांवरचे हल्ले रोखणारा कायदा राज्याने २०१० मध्ये केला, तरी अतिदक्षता विभागाच्या काचा फुटायच्या थांबल्या नाहीत. गावातली दहा-वीस खाटांची नर्सिंग होम एकामागून एक बंद होतात आणि त्यांचे मालक शहरातल्या मोठ्या इमारतीत कन्सल्टंट होतात.

त्या इमारतीची मालकीही आता बघता बघता हातोहात फिरते. पुण्यात न्यूरोसर्जन डॉ. चारुदत्त आपटे यांनी उभी केलेली सह्याद्री रुग्णालयांची साखळी २०१९ मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूक संस्थेकडे गेली, २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीकडे, आणि २०२५ मध्ये मणिपाल समूहाने ती घेण्याचं जाहीर केलं. या मालकांनी काही वाईट केलं, असं मला म्हणायचं नाही. नवी यंत्रं येतात, संसर्ग नियंत्रण सुधारतं, हिशेब स्वच्छ होतात. पण मधल्या त्या वर्षांत कर्वे रस्त्यावर ॲडमिट झालेल्या माणसाच्या उपचारातून टोरांटोच्या निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनची तजवीज होत होती, हे त्या दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. अशा लांबच लांब साखळीत ‘हे ऑपरेशन नको’ असं म्हणणाऱ्या डॉक्टरचा आवाज कुठवर पोचेल?

अमेरिकेत हा रस्ता आपल्या आधी तुडवला गेला. १९७३ च्या कायद्याने तिथे नियंत्रित विमा योजनांना बळ मिळालं आणि उपचाराआधी कंपनीची परवानगी हा रोजचा भाग झाला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पाहणीनुसार खासगी व्यवसायातल्या डॉक्टरांचं प्रमाण २०१२ मध्ये ६०.१ टक्के होतं, ते २०२४ मध्ये ४२.२ टक्क्यांवर आलं. बाकीचे बहुतेक कुणाचे ना कुणाचे नोकर. सत्तरच्या दशकात ग्रँट मेडिकल किंवा बी. जे. मधून तिकडे गेलेल्या पिढीतले डॉक्टर निवृत्त होताना एकच गोष्ट सांगतात, की शेवटची वर्षं रुग्णापेक्षा फोनवरच्या माणसाला समजावण्यात गेली.

इथवरचं चित्र शहरी आहे, विमा असलेल्यांचं. बीडकडे वळल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही, आणि तिथे माझी स्वतःची मांडणीही मला पुन्हा तपासावी लागली.

ऊसतोडीला निघताना जोडीने उचल घ्यायची, म्हणजे नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आसपास बैलगाडी किंवा ट्रॅक्टर निघतो, उन्हाळा लागताना परततो. मधे एक दिवस काम बुडालं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापायचे. फडात संडास नाही, पाणी पुरेसं नाही, कोपीला आडोसा नाही. पाळीच्या चार दिवसांत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, म्हणून बाई तालुक्याच्या खासगी दवाखान्यात गेली की सोनोग्राफी होते आणि ‘पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं. २०१९ मध्ये या बातम्यांनी गदारोळ झाल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांतली एक. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण साधारण तीन टक्के आहे.

या बायकांच्या संमतीपत्रांवर अंगठे त्यांचेच होते. अनेक जणींनी स्वतःहून मागणी केली होती. मुलं झाली, आता पाळीचा त्रास आणि खाडा दोन्ही नकोत. डॉक्टरवरही कुठल्या विमा कंपनीची किंवा व्यवस्थापनाची सक्ती नव्हती. कागदावर रुग्णाची निवड पूर्ण होती, डॉक्टरचं स्वातंत्र्यही पूर्ण होतं. तरीही मला हे महाराष्ट्रातलं निवड हिरावण्याचं सर्वात मोठं उदाहरण वाटतं. इथे सही नसलेला तिसरा पक्ष म्हणजे उचल होती, मुकादम होता, साखर कारखान्याचा गाळप हंगाम होता. डॉक्टरने पाच मिनिटं जास्त देऊन ‘हा जंतुसंसर्ग आहे, गोळ्यांनी बरा होईल’ एवढं सांगितलं असतं, तर त्या बाईला पंचविशी-तिशीत रजोनिवृत्ती, कंबरदुखी आणि हाडांची झीज सोसावी लागली नसती. ते न सांगणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला सहानुभूती नाही. त्यांना मोकळीक होती, आणि त्यांनी ती अशी वापरली.

त्यावर उपाय काय झाला? बीडमध्ये खासगी रुग्णालयात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला. त्या परवानगीची गरज होती. पण ज्या बाईला खरोखरच गाठीने रक्तस्राव होतोय, तिला आता एक फेरी आणखी, एक सही आणखी, एक खाडा आणखी. तिच्या हातात निर्णय देण्याचा रस्ता फडात पाणी आणि संडास देण्यातून, खाड्याची रक्कम बंद करण्यातून, गावाच्या उपकेंद्रात रोज हजर असणाऱ्या नर्सबाईंतून जातो. तो लांब आहे, म्हणून आपण सहीचा जवळचा रस्ता घेतला.

नियम मात्र कमी नाहीत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद मांडली. त्यात दुसरं मत घेण्याचा, औषधं कुठूनही घेण्याचा, आपले केसपेपर मिळण्याचा हक्क आहे. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने नर्सिंग होमच्या नियमांत बदल करून ही सनद आणि पंधरा सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. ज्या मूळ कायद्याखाली हे नियम आहेत तो १९४९ चा आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्याने स्वीकारलाच नाही, स्वतःचा करू म्हणून सांगितलं, तोही अजून झाला नाही. २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयांना फलक लावायला सांगितलं की, इथल्याच दुकानातून औषध घेणं सक्तीचं नाही. मी तीन रुग्णालयांत हा फलक शोधला. एका ठिकाणी सापडला, लिफ्टच्या मागे.

विम्याच्या बाजूने एक हालचाल मला खरोखर आशा देणारी वाटते. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये आदेश काढला की, कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्या, आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्या. उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. दावा नाकारायचा असेल तर तो कंपनीच्या पुनर्विलोकन समितीपुढे जायला हवा आणि पॉलिसीतल्या नेमक्या कलमासह कारण कळवायला हवं. वेळ आणि कारण, दोन गोष्टी आल्या. राहिलं ते नाव. उपचाराला ‘गरज नाही’ म्हणणारा माणूस डॉक्टर असावा, त्याचा नोंदणी क्रमांक त्या कागदावर असावा आणि चुकल्यास वैद्यक परिषदेपुढे त्यालाही उभं राहावं लागावं. ओटीपोट तपासणाऱ्या डॉक्टरला जी जबाबदारी आहे, ती ओटीपोट न तपासता नकार देणाऱ्याला का नसावी? कन्व्हर्जनचा आकडा ठरवणाऱ्या व्यवस्थापकाबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. तो आकडा लेखी द्यावा, खाली सही करावी.

सही कुणी करायची, हा प्रश्न सर्वात उघडा पडतो तो माणूस स्वतः बोलू शकत नाही तेव्हा. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात पडून होत्या. पिंकी विराणी यांच्या दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आधी हेच ठरवलं की, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा. याचिका करणाऱ्या पत्रकाराचा नाही, इतकी वर्षं त्यांचं अंग पुसणाऱ्या, त्यांना भरवणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. परिचारिकांनी नाही म्हटलं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने आणि जानेवारी २०२३ मधल्या सुधारणेने कुणालाही शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं की, बरं होण्याची आशा नसेल तर मला यंत्रावर ठेवू नका. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या माणसाकडे. असा माणूस नेमलेलाच नाही, हे मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयापुढे मांडलं, तेव्हा राज्यात नेमणुका झाल्या.

आईने हे कुठेतरी वाचलं आणि मला म्हणाली, ‘‘माझं करून ठेव.’’ मी नोटरीचा मसुदा आणला. तो तिने बाजूला ठेवला आणि आमच्या जुन्या डॉक्टरांकडे जायचं म्हणाली. ते आता पंचाहत्तरीचे आहेत, संध्याकाळी दोन तास बसतात, विम्याचं काम करत नाहीत. त्यांनी बाहेरच्या दोघांना थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. नळीतून अन्न देतात म्हणजे काय, व्हेंटिलेटरची नळी किती दिवसांनी गळ्यातून घालावी लागते, डायलिसिस सुरू केल्यावर बंद करणं घरच्यांना का जड जातं, कशातून माणूस परत येतो आणि कशातून येत नाही, सगळं सांगितलं. आईने दोनदा अडवून विचारलं. एका ठिकाणी तिने मसुद्यातली ओळ खोडायला लावली, कारण न्यूमोनिया झाला तर आधी औषधाने प्रयत्न करून पाहावा, असं तिला वाटत होतं. पाऊण तास गेला. मग तिने चष्मा पुसला, चारही पानं पहिल्यापासून वाचली आणि प्रत्येक पानाखाली संपूर्ण नाव लिहून सही केली. डॉक्टरांनी तीनशे रुपये घेतले आणि बाहेरच्या पेशंटला आत बोलावलं.